ढगाबाहेरचे 75 मिलिमीटर

पंपहाउसच्या फाउंडेशनची सहा ड्रॉइंग्ज रिव्हिजन बी मधून सी मध्ये न्यायची होती. पंप पुरवणाऱ्यांनी बेसफ्रेम बदलली होती. त्यामुळे अँकर बोल्टमधलं अंतर बदललं, बोल्टमुळे पेडेस्टल, म्हणजे पंपाखालचा काँक्रीटचा चौथरा, बदललं, आणि डिझाइन इंजिनिअर सरांनी लाल पेनानं भरून टाकलेल्या सहा प्रिंट्स माझ्या टेबलावर आल्या. मला ड्राफ्टिंगमध्ये तेव्हा दोन वर्षं झाली होती. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमच्या कमांड बोटांत बसल्या होत्या, डावा हात कीबोर्डकडे न बघता चालायचा. मार्कअप, म्हणजे प्रिंटवरच्या लाल खुणा, उतरवणं म्हणजे समोर लिहिलंय ते करायचं, त्याभोवती क्लाउड मारायचा आणि पुढच्या खुणेकडे जायचं, एवढीच माझी समजूत होती.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ड्रॉइंग एकदा साइटवर किंवा वर्कशॉपमध्ये गेलं की ते गुपचूप बदलता येत नाही. बदल झाला की रिव्हिजनचं अक्षर किंवा आकडा एकानं पुढे सरकतो. बदललेल्या भागाभोवती छोट्या कमानींची ढगासारखी रेघ येते, तिला सगळे क्लाउडच म्हणतात. क्लाउडला चिकटून एक त्रिकोण असतो, त्यात रिव्हिजनचं अक्षर. टायटल ब्लॉकच्या वर रिव्हिजनचा तक्ता असतो. त्यात तेच अक्षर, तारीख, काय बदललं याची एक ओळ, आणि काढणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या, मंजूर करणाऱ्याच्या सह्या. अक्षरांतही काही गाळलेली असतात. अमेरिकन एएसएमई वाय14.35 या मानकात आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड वापरायची नाहीत असं आहे. पुसट प्रिंटवर आय हा एकासारखा आणि ओ हा शून्यासारखा वाचला जातो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

तर रिव्हिजन सी. पहिली लाल खूण सोपी होती. बोल्टचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर 600 खोडून 650 लिहिलेलं, शेजारी पेडेस्टलची रुंदी 900 ची 950. प्लॅनमध्ये स्ट्रेच केलं, डायमेन्शन आपोआप 650 झालं. क्लाउड मारला, त्रिकोण लावला. सेक्शन, म्हणजे उभा छेद, मात्र वेगळा काढलेला होता. टू-डी ड्रॉइंगमध्ये प्लॅन हलवला म्हणून सेक्शन हलत नाही. सेक्शनवर लाल खूण नव्हती, कारण सरांनी प्लॅनवर लिहिलं म्हणजे बाकी ठिकाणी मी करणारच असं त्यांनी धरलं होतं. मी केलं नाही. ते ड्रॉइंग तपासणाऱ्या चेकर सरांनी पकडलं. पकडल्यावर मी घाईत आणखी वाईट काम केलं. सेक्शनमधल्या बऱ्याच रेघा एकमेकींत अडकलेल्या होत्या, म्हणून भूमिती न हलवता डायमेन्शनवर डबल-क्लिक करून 600 च्या जागी 650 टाइप केलं. कागदावर बरोबर दिसत होतं. पण फाइलमध्ये ते अंतर 600 च होतं, आणि पुढे कोणी त्या फाइलवरून माप घेतलं असतं तर त्याला 600 च मिळालं असतं.

चेकर सरांनी माझ्या खुर्चीशेजारी उभं राहून त्या डायमेन्शनचा मजकूर उघडायला सांगितला. खऱ्या मापाच्या डायमेन्शनमध्ये आकड्याच्या जागी कोनदार कंसांची एक जोडी असते, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः मोजून आकडा भरतो. माझ्या डायमेन्शनमध्ये कंस नव्हते, हातानं टाकलेला 650 होता. "हे खोटं माप आहे," ते एवढंच म्हणाले. मी बसून सेक्शन नीट हलवला. तासभर गेला.

पण ज्याबद्दल लिहायला बसले ते पुढे आहे.

पेडेस्टल दोन्ही बाजूंनी 25-25 मिलिमीटर वाढलं तेव्हा शेजारून जाणारा ड्रेन चॅनल त्याला फार जवळ आला. मधे काँक्रीटची जेमतेम पट्टी उरत होती, त्यात सळया बसल्या नसत्या. लाल पेनात याबद्दल काही नव्हतं. मी सरांना विचारायला हवं होतं. पण संध्याकाळचे सात वाजले होते, ट्रान्समिटल, म्हणजे बाहेर पाठवायचा ड्रॉइंग्जचा संच, रात्री जायचं होतं, आणि मला उत्तर उघड दिसत होतं. मी चॅनल 75 मिलिमीटर पूर्वेकडे सरकवला. जागा होती, कशाला धडकत नव्हता, उतार तसाच राहत होता. तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय बरोबर होता. नंतर सरांनीही तेच केलं असतं असं सांगितलं. पण मी त्याभोवती क्लाउड मारला नाही. मार्कअपमध्ये नव्हतं, म्हणजे तो "बदल" नाही, पेडेस्टलच्या बदलाची आवराआवर आहे, अशी काहीतरी माझी मनातली विभागणी होती. चेकर सरांनी लाल प्रिंट शेजारी ठेवून प्रत्येक खूण ताडून पाहिली, सगळ्या झालेल्या होत्या. चॅनल प्रिंटवर लाल नव्हता, म्हणून तो त्यांनी पाहिला नाही. सह्या झाल्या, सी गेलं.

तीन आठवड्यांनी साइटवरून फोन आला. सिव्हिलचे इंजिनिअर होते, आवाज शांत होता. चॅनलसाठी भिंतीत ठेवायची वाट, म्हणजे स्लीव्ह, आणि ड्रेन चॅनल एका रेषेत येत नाहीत, 75 चा फरक पडतोय, कुठलं बरोबर धरायचं? चॅनलचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, उभं झालेलं होतं, सळया बांधून झाल्या होत्या, काँक्रीट दुसऱ्या दिवशी पहाटे ठरलेलं.

मी फाइल उघडली आणि अंगाचं पाणी झाल्यासारखं झालं. भिंतीचं ड्रॉइंग माझ्या प्लॅनला एक्सरेफ करून बनवलेलं होतं, म्हणजे माझी फाइल त्याच्या खाली पायासारखी जोडलेली. मी चॅनल हलवला तेव्हा तो तिथेही आपोआप हलला. भिंतीचं ते शीट त्यानंतर पहिल्यांदाच साइटवर गेलं, त्यात स्लीव्ह नव्या जागी होता. चॅनलचं शटरिंग मात्र जुन्या जागी. मी विचारलं, "पण चॅनलचं माप सी मध्ये बदललेलं आहे, तुम्ही बी वरून लावलंत का?"

"मॅडम, सी आलं तेव्हा आम्ही बी शेजारी ठेवून क्लाउडच्या आतलं सगळं बघितलं. बोल्ट बदलले, पेडेस्टल बदललं, ते केलं. चॅनलवर क्लाउडच नाही. लेआउट आधीच मारून झालं होतं, ते कशाला पुन्हा तपासू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी अगदी नियमाप्रमाणे काम केलं होतं. क्लाउड नसलेल्या जागेवर त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि तो विश्वास मागणारी रेघ मीच काढली होती. आत काय बदललंय हे क्लाउड दाखवतो, ते मला माहीत होतं. पण एका शीटवर एक जरी क्लाउड असला तरी त्या शीटचा उरलेला सगळा कोरा भाग "इथे मागच्या वेळेपासून काही हललेलं नाही" असं सांगत असतो, हे मी कधी त्या बाजूनं पाहिलंच नव्हतं. वाचणारा क्लाउडच्या आत दोन मिनिटं बघतो. बाहेरच्या भागावरून त्याची नजरही फिरत नाही, कारण फिरू नये म्हणूनच ही पद्धत आहे.

पहाटेचं काँक्रीट थांबवलं. डिझाइन सरांना सगळं सांगितलं, चॅनल का हलवला तेही. त्यांनी दहा मिनिटांत जागा तपासून होकार दिला, एका ए-4 कागदावर स्केच काढून त्यावर सही केली आणि ते रात्रीच पाठवलं. शटरिंग सरकवायला आणि सळया पुन्हा बांधायला त्या लोकांचे दोन दिवस गेले. ते दोन दिवस माझ्यामुळे गेले. काँक्रीट ओतून झालं असतं तर फोडावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी चेकर सर माझ्याशी बराच वेळ बोलले. ते ट्रेसिंग पेपरच्या काळापासून या कामात आहेत. तेव्हा शाईची रेघ बदलायची म्हणजे ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची, कागद फाटू न देता. मग त्याच जागी नवी रेघ. खरवडलेली जागा उजेडात धरली की कायम वेगळी दिसायची. "त्या कागदावर लपून काही बदलता यायचं नाही," ते म्हणाले. "तुझ्या स्क्रीनवर 75 मिलिमीटर हलवलं तर मागे ओरखडासुद्धा उरत नाही. तो ओरखडा तूच काढायचा असतो."

मग त्यांनी कॅन्सस सिटीची गोष्ट सांगितली. मी नंतर ती सविस्तर वाचली. 17 जुलै 1981 ला अमेरिकेतल्या त्या शहरात हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीतले दोन टांगते पादचारी पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. मूळ कल्पनेत चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे पूल छतापासून खालपर्यंत गेलेल्या एकाच अखंड सळईला धरलेले होते. शॉप ड्रॉइंगमध्ये त्या एका सळईच्या दोन झाल्या: वरचा पूल छताला टांगलेला, आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला. कागदावर बघितलं तर एका रेघेच्या जागी थोड्या अंतरानं दोन रेघा, एवढाच फरक. पण वरच्या बीमच्या जोडावर आता दोन्ही पुलांचं वजन आलं, म्हणजे आधीच्या दुप्पट. त्या बदलाचं गणित कोणी पुन्हा केलं नाही आणि ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का पडला. माझ्या चॅनलची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही, मला ते कळतं. पण "छोटा बदल" हे शब्द मला तेव्हापासून सहज लिहिता येत नाहीत.

आता रिव्हिजन डी करायची होती. सर म्हणाले, यावेळी घाई नाही, पहिल्यापासून नीट कर. ती सहा शीट्स करायला मला चार दिवस लागले, आणि आजही मी जवळजवळ त्याच क्रमानं काम करते.

सगळ्यात आधी मी सी ची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवली आणि तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. ज्या पीडीएफवर सह्या होऊन ती बाहेर गेली, तीही सोबत. पुढे जे काही ताडून पाहायचं ते हिच्याशी. आधी मी तीच फाइल उघडून त्यावरच काम पुढे नेत असे. मग जुनं कसं होतं हे सांगायला माझ्याकडे छापील कागदाशिवाय काही उरत नसे.

मग लाल खुणांना नंबर दिले. डी मध्ये 43 खुणा होत्या, कारण एवढ्यात इलेक्ट्रिकलच्या केबल ट्रेंचचीही भर पडली होती. प्रत्येक खुणेला गोलात एक आकडा, आणि वेगळ्या तक्त्यात तोच आकडा, शीट नंबर, काय करायचं, कुठल्या कुठल्या व्ह्यूमध्ये करायचं. हा शेवटचा रकाना चेकर सरांनी वाढवायला लावला. बोल्ट 650 असेल तर तो प्लॅनमध्ये आहे, दोन सेक्शनमध्ये आहे, बोल्टच्या डिटेलमध्ये आहे, आणि बोल्टच्या यादीत आहे. एक लाल खूण, पाच जागा. ज्यानं लाल पेन चालवलं त्याला या पाच जागा आठवायची गरज नसते, त्या मला माहीत असायला हव्यात.

आमच्याकडे रंगांचा एक सरळ संकेत आहे. लाल म्हणजे हे करा, हिरवं म्हणजे हे काढून टाका, निळं म्हणजे हे ड्रॉइंगवर यायचं नाही, ही फक्त ड्राफ्ट्समनसाठी सूचना. ऑफिसागणिक हे बदलतं, म्हणून नव्या प्रोजेक्टला पहिल्या दिवशी मी विचारूनच घेते. एकदा निळ्यात लिहिलेला प्रश्न, "हे व्हेंडरला विचारलं का?", कोणीतरी जसाच्या तसा नोट म्हणून ड्रॉइंगवर टाकलेला मी पाहिला आहे.

जिथे मला शंका होती तिथे मी खुणेसमोर "प्रश्न" लिहिलं आणि अकरा प्रश्न घेऊन एकदाच सरांकडे गेले. दर दहा मिनिटांनी उठून जाण्यापेक्षा हे दोघांनाही सोयीचं पडतं. अकरापैकी चार ठिकाणी सरांनी स्वतःचीच खूण बदलली. ते चार बदल मी माझ्या मनानं केले असते, तर त्यातले निदान दोन चुकले असते. आणि ज्यांचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं, त्या दोन जागांभोवती वेगळा क्लाउड आला आणि त्यावर "होल्ड" असं लिहिलं, म्हणजे हा भाग अजून ठरलेला नाही, यावरून काम करू नये. होल्डचा क्लाउड बदलाच्या क्लाउडपेक्षा वेगळा दिसायला हवा. आम्ही त्याची रेघ जाड ठेवतो आणि होल्डची यादी शीटच्या कोपऱ्यात देतो.

मग प्रत्यक्ष क्लाउड. दिसायला ही सगळ्यात सोपी कमांड आहे, पण तिच्यात माझा पहिला अख्खा दिवस गेला. 1:50 चा प्लॅन मॉडेल स्पेसमध्ये खऱ्या मापानं काढलेला असतो. तिथे कमानीची लांबी 10 ठेवून क्लाउड मारला तर कागदावर ती कमान 0.2 मिलिमीटरची होते. प्रिंटवर ढग दिसत नाही, एक जाडसर धूसर रेघ दिसते. तिथे 500 च्या आसपास हवी, मग कागदावर 10 येते. पेपर स्पेसमध्ये, म्हणजे लेआउटच्या शीटवर, सरळ 10 चालते. मग क्लाउड नेमका कुठे मारायचा? मॉडेलमध्ये मारला तर तो भाग दाखवणाऱ्या प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे शीटवरून मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीत, तो उगवतो. 1:50 मध्ये ठीक दिसणारा क्लाउड 1:10 च्या डिटेलमध्ये पाचपट मोठ्या कमानींचा होऊन अर्ध्या आकड्यांवरून जातो. पेपर स्पेसमध्ये मारला तर तो शीटला चिकटलेला राहतो, आणि कोणी व्ह्यूपोर्ट जरा सरकवला की क्लाउड एका जागी आणि बदल दुसऱ्या जागी. आम्ही पेपर स्पेस निवडलं, आणि पहिला क्लाउड मारायच्या आधी प्रत्येक व्ह्यूपोर्ट लॉक करायचा असा नियम केला.

क्लाउडसाठी प्रत्येक रिव्हिजनचा स्वतंत्र लेयर ठेवते. डी चा वेगळा, सी चा वेगळा. डी बाहेर जाताना सी चे क्लाउड काढायचे असतात, त्रिकोण ठेवायचे असतात. त्रिकोणावरून कळतं की इथे कधीतरी सी मध्ये बदल झाला होता, आणि क्लाउड फक्त आताच्या बदलाला उरतो. सगळं एकाच लेयरवर असलं की जुने क्लाउड एकेक शोधून पुसावे लागतात आणि एखादा राहतोच. मग साइटवरचा माणूस दोन महिन्यांपूर्वीच्या बदलाकडे बघत बसतो.

मी क्लाउड हातानं फिरवत काढत नाही. आधी आयत किंवा बहुकोन काढते, आतलं काहीही न कापता, आकड्यावरून रेघ न नेता, आणि मग त्याला क्लाउडमध्ये बदलते. कमानींची दिशा उलटवायची का असं प्रोग्रॅम विचारतो. फुगवटा बाहेरच्या बाजूला हवा. आत वळलेल्या कमानी दिसायला काटेरी दिसतात आणि आतल्या मजकुरात घुसतात. क्लाउडचा आकारही विचार करून ठरवावा लागतो. अर्ध्या शीटला एकच क्लाउड मारला की वाचणाऱ्यावर सगळं शोधायचं ओझं टाकलं. प्रत्येक आकड्याला वेगळा मारला की शीटवर फोड आल्यासारखं दिसतं. एका कारणानं झालेले शेजारशेजारचे बदल एका क्लाउडमध्ये, दुसऱ्या कारणाचे दुसऱ्यात, असं मी करते.

एक गोष्ट मला आधी कोणीच सांगितली नव्हती: काढून टाकलेल्या वस्तूचाही क्लाउड असतो. डी मध्ये एक इन्सर्ट प्लेट रद्द झाली. पुसली, जागा रिकामी झाली. आता मारायचा कशाभोवती? त्या रिकाम्या जागेभोवतीच. कोऱ्या कागदाभोवती ढग आणि त्याला त्रिकोण. पहिल्यांदा ते पाहून मला विचित्र वाटलं, पण वर्कशॉपमध्ये त्या प्लेटचं कटिंग बी वरून आधीच सुरू असू शकतं, आणि तिथल्या माणसाला "इथे काहीतरी होतं, आता नाही" हे दुसऱ्या कुठल्याच रेघेतून कळणार नाही.

सगळे क्लाउड झाल्यावर मी पहिल्यांदा उलट्या बाजूनं तपासलं. तोपर्यंत मी लाल खुणेपासून ड्रॉइंगकडे जात असे: ही खूण झाली का, हो झाली, पिवळ्या हायलाइटरनं तिच्यावरून एक पट्टा ओढायचा. 43 पट्टे. ते आजही करते, ते लागतंच. पण त्या पद्धतीनं चॅनल कधीच सापडला नसता, कारण तो खुणांमध्ये नव्हताच. म्हणून आता सी आणि डी एकावर एक ठेवून विचारायचं होतं: काय काय बदललंय? मग ते सगळं क्लाउडच्या आत आहे का?

ऑटोकॅडमध्ये 2019 च्या आवृत्तीपासून दोन फाइल्स ताडून पाहायची कम्पेअर कमांड आहे. दोन्हींत सारखं असलेलं करडं होतं, फक्त एकीत असलेलं एका रंगात आणि फक्त दुसरीत असलेलं दुसऱ्या रंगात दिसतं, आणि फरकांभोवती प्रोग्रॅम स्वतःच क्लाउड टाकतो. पहिल्या शीटवर तो चालवला तेव्हा अख्खा पडदा रंगीबेरंगी झाला. मी घाबरलेच. मग एकेक बघत गेले. बरेचसे फरक बिनकामाचे होते: नीट दिसावा म्हणून थोडा वर सरकवलेला डायमेन्शनचा आकडा, पुन्हा भरलेला हॅच, म्हणजे एखादा भाग भरणाऱ्या रेघांची नक्षी. हॅच आणि मजकूर गाळून बघायची सोय आहे. मी आधी गाळून बघते आणि मग मजकूर पुन्हा लावून दुसऱ्यांदा बघते, कारण नोटमधला एक बदललेला शब्दही कधी कधी 75 मिलिमीटरपेक्षा महाग पडतो.

त्या बिनकामाच्या फरकांमध्ये तीन खरे सापडले. एका सेक्शनमधली लेव्हल मी ट्रेंचचं काम करताना नकळत 10 मिलिमीटरनं ओढली गेली होती. एक ग्रिडची रेघ, म्हणजे जिच्यापासून मापं मोजतात ती आधाररेषा, तुटली होती. आणि एका ठिकाणी सळईचा कॉलआउट चुकून पुसला गेला होता. तिन्ही माझ्या हातून झालेले, कोणीही न सांगितलेले. पहिला तर सी सारखाच गुपचूप साइटवर गेला असता. तिन्ही मागे घेतले.

प्रोग्रॅमनं स्वतः टाकलेले क्लाउड मात्र मी तसेच बाहेर पाठवत नाही. त्याला रेघ हलली एवढंच कळतं. का हलली, तिच्यामुळे आणखी कोणी लक्ष द्यायला हवं, हे त्याला कळत नाही. आता मार्कअपसाठीही बरीच मदत मिळते: 2022 पासून ट्रेस आहे, म्हणजे ड्रॉइंगला हात न लावता वर पारदर्शक कागद ठेवून लिहिल्यासारखं, 2023 पासून लाल खुणांची पीडीएफ किंवा फोटो ड्रॉइंगवर नेमका बसवून घेता येतो आणि प्रोग्रॅम त्यातला मजकूर ओळखतो. मला ही दोन्ही मनापासून आवडतात, छापील प्रिंट आणि स्क्रीन यांच्यात मान हलवत बसायचं वाचतं. रेव्हिट या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तर क्लाउड थेट रिव्हिजनला बांधलेला असतो, शीटवर क्लाउड आला की टायटल ब्लॉकच्या तक्त्यात ओळ आपोआप येते, आणि रिव्हिजन "इश्यू झाली" अशी खूण केली की तिचे क्लाउड हलवता येत नाहीत. पण चॅनल सरकवणारा माणूस क्लाउड मारणार की नाही, हे यातलं काहीच ठरवत नाही.

एक्सरेफचं काम शेवटी. माझी प्लॅनची फाइल कोणाकोणाच्या खाली जोडलेली आहे याची यादी काढली. चौदा शीट्स होती. त्यातली नऊ दुसऱ्या विभागांची. चौदाही उघडून कम्पेअर केली, जिथे जिथे माझ्या बदलानं काही हललं होतं तिथल्या माणसाला जाऊन दाखवलं. दोघांनी त्यांच्या शीटवर क्लाउड मारले, एकानं बदल नाकारला आणि आम्हाला पुन्हा सरांकडे जावं लागलं. हे काम कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

उरला रिव्हिजनचा तक्ता. सी मध्ये मी तिथे लिहिलं होतं: "मार्कअपप्रमाणे सुधारित." बहुतेक ड्रॉइंग्जवर हेच लिहिलेलं असतं, आणि ते मला आता अगदी सहन होत नाही. साइटवरच्या माणसानं ते मार्कअप पाहिलेलेच नसतात. त्याला त्या ओळीतून काहीही कळत नाही. डी च्या ओळीत मी बदल एकेक करून लिहिले. केबल ट्रेंच वाढवला, कुठल्या ग्रिडमध्ये. इन्सर्ट प्लेट रद्द, तिचा नंबर. आणि मग चॅनल.

चॅनल खरं तर डी मध्ये बदललेला नव्हता. तो सी मध्येच बदलला होता. नियम काटेकोर लावला तर डी मध्ये त्याला क्लाउड येत नाही. पण क्लाउड नाही म्हणजे बी पासून त्या जागेला कधीच क्लाउड मिळाला नाही, आणि ज्यांच्याकडे अजून बी ची प्रिंट असेल त्यांना ते कधीच कळणार नाही. मी त्याभोवती क्लाउड मारला, डी चा त्रिकोण लावला, आणि तक्त्यात लिहिलं: "ड्रेन चॅनल पूर्वेकडे 75 मिमी. बदल रिव्हिजन सी मध्ये केला होता, क्लाउड दाखवला नव्हता."

प्रिंट घेऊन चेकर सरांकडे गेले तेव्हा मला वाटत होतं की ते दुसरं वाक्य खोडायला सांगतील. बाहेर जाणाऱ्या ड्रॉइंगवर आपली चूक आपणच लिहायची, हे चालेल की नाही मला माहीत नव्हतं. त्यांनी हायलाइटर घेतला, 43 खुणा एकेक करून पिवळ्या केल्या, मग कम्पेअरची प्रिंट मागून घेतली आणि क्लाउडबाहेरचा भाग पट्टी ठेवून ओळीनं पाहिला. सगळ्यात शेवटी तक्ता वाचला. ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी एकच दुरुस्ती केली: "पूर्वेकडे" च्या पुढे "ग्रिड 3 पासून" असं लाल पेनात वाढवलं, म्हणजे 75 कुठून मोजायचे ते कळावं. तो 44 वा पट्टा झाला. मी तेवढं बदलून पुन्हा प्रिंट काढली आणि त्यांनी सही केली.